सही झाल्यावरच लिहायचं

भौतिकशास्त्र विभागात तिला खऱ्या नावानं फक्त परीक्षा कार्यालयाची पत्रं हाक मारायची. बाकी सगळ्यांची ती संपादकबाई. कॅन्टीनवालासुद्धा काउंटरवरून ओरडायचा, "संपादकबाई, बिनसाखरेचा तयार आहे, छापून येईपर्यंत थांबू नका!"

सात वर्षांपूर्वी संशोधक विद्यार्थ्यांच्या मंडळाची बैठक भरली होती. "वार्तापत्र कोण काढणार?" असं अध्यक्षानं विचारलं, आणि चाळीस माणसं एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागली. तेवढ्यात तिला शिंक आली. नाकाकडे निघालेला हात अध्यक्षानं हवेतच मोजला. "झालं, मिळाली!" टाळ्या पडल्या. तिला विभागात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. हात खाली घ्यायचा धीर झाला नाही.

पण गळ्यात पडलेलं काम तिनं जीव ओतून केलं. मंडळाला जिन्याखालची एक खोली होती. एके काळी तिथं फोटोच्या काचा धूत असत, त्यामुळे खिडकी नव्हती आणि भिंतीला लांबलचक बेसिन होतं. बेसिनवर फळी टाकून तिनं कॉम्प्युटर मांडला. नळ गळायचा. नळाखाली तिनं बीकर ठेवला, बीकरवर रेघा होत्याच, मग गळती दिवसाला किती मिलिलिटर हेही वार्तापत्रात यायला लागलं.

सोमवारी सकाळी आठच्या आत वार्तापत्र सगळ्यांना गेलेलं असायचं. ते असं असायचं: "बुधवारी चार वाजता पाहुण्यांचं व्याख्यान. विषय अवघड, बिस्किटं चांगली." "हेलियमची गाडी गुरुवारी येणार आहे. कुठल्या महिन्यातल्या, ते गाडीवाल्यानं सांगितलेलं नाही." "दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर चालू झाला आहे. ज्यानं हे केलं त्यानं पुढे यावं, कुणी रागावणार नाही." शिष्यवृत्त्यांच्या तारखा, विकायची पुस्तकं, रिकाम्या खोल्या. आणि सगळ्यात खाली 'सुटका' नावाचा रकाना: ज्याचा थिसिस झाला त्याचं नाव आणि लागलेली वर्षं. तुरुंगातून सुटतात तसं. लोक वार्तापत्र खालून वर वाचायचे.

वार्तापत्र ही मजा झाली. मंडळाची खरी इस्टेट म्हणजे 'शिदोरी'. जुन्या प्रश्नपत्रिका, अर्जांचे नमुने, कुठल्या कार्यालयात कुणाला भेटलं की काम होतं, सगळं एकत्र केलेलं. त्यातच 'गाइडची पानं' होती. विभागातल्या प्रत्येक प्राध्यापकाचं एक पान, त्यावर त्यांच्या हाताखालून गेलेल्यांच्या दोनचार ओळी. "मॅडम रागावतात, पण दुपारपर्यंत विसरतात." "सर वेळेवर वाचतात, वाचलेलं लक्षातही ठेवतात, जपून." पहिल्या वर्षाची पोरं गाइड निवडायच्या आधी ही पानं पाठ करून यायची. करणारच. एकदा अर्ज भरला की पाच वर्षांची गाठ. मधे सोडलं तर शिष्यवृत्ती जाते, जागाही जाते.

चार वर्षांपूर्वी या पानांवरून मोठं रामायण झालं. कुणीतरी निनावी लिहिलं, "हे दुसऱ्याच्या आकड्यांवर स्वतःचं नाव घालतात." विभागप्रमुख आयुष्यात पहिल्यांदा जिन्याखाली उतरले, दारात डोकं आपटलं, आणि कपाळ चोळत म्हणाले, "उद्या सकाळी या खोलीला कुलूप!"

संपादकबाईनं तेव्हा तडजोड घडवून आणली. नियम तिचाच. सही झाल्यावरच लिहायचं. म्हणजे ज्याच्या थिसिसवर गाइडची शेवटची सही झाली, त्यानंच पानावर लिहायचं, आणि नाव घालून. बैठकीत ती खुर्चीवर उभी राहून म्हणाली होती, "अर्धवट प्रयोगाचे आकडे आपण छापतो का? नाही ना? मग अर्धवट पीएच.डी.चं मत कसं छापायचं?"

काय टाळ्या पडल्या! विभागप्रमुखांनीसुद्धा मान डोलावली. मोजमाप हाच ज्यांचा धंदा, अशी चाळीस माणसं त्या खोलीत होती. पण जे मधेच सोडून गेले तेही एक मोजमापच आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आता तिच्या सरांबद्दल.

सर गोड माणूस. आवाज कधी चढायचा नाही, दारात कुणी आलं की उठून उभे राहायचे. त्यांच्या लॅबमध्ये धातूचे कण थंड करायचं एक मशीन होतं, इतकं थंड की त्याखाली फारसं काही उरतच नाही. मशीन जुनं, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं. थंड व्हायला दोन दिवस घ्यायचं आणि कुठेतरी सुईच्या अग्राएवढी गळती निघाली की दोन मिनिटांत रुसायचं. मग बाहेरून एकेका सांध्यावर हेलियमचा फवारा मारत, काटा कुठे उडतो ते बघत बसायचं. संपादकबाईला पंपाच्या आवाजावरून कळायचं, आज कुठला सांधा कुरकुरतोय. हे विभागात दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं. आणि सगळं दुखणं तिथंच होतं. ज्याला मशीन कळलं, त्याचा थिसिस काही केल्या संपायचा नाही. "छान झालंय गं," सर म्हणायचे, "फक्त अजून एक मोजणी."

तिच्या सात वर्षांत त्या लॅबमध्ये चार जण आले आणि चौघंही मधूनच गेले. नियम झाल्यावर सही मिळून सुटलेले दोघंच, तेही तिच्या आधी आलेले. पहिला म्हणाला, "लिहितो की, शिफारसपत्र तेवढं हातात पडू दे." दुसरीनं नुसता हसरा चेहरा पाठवला. सरांचं पान कोरं ते कोरंच राहिलं.

आणि पंपवाला. त्या चौघांतला एक, कुठलाही बिघडलेला पंप मांडीवर घेऊन बरा करायचा म्हणून ते नाव. घरी बायको, लहान मुलगी. पाचव्या वर्षी सोडून गेला, आणि गेल्यावर तीन पानं लिहून तिला पाठवली. तारखांसकट. कुठली मोजणी त्यानं केली, ती कुणाच्या नावावर छापली, थिसिसचा मसुदा किती वेळा परत आला. खाली लिहिलं होतं, "पानावर घाल. पुढच्यांना कळू दे."

तिनं उत्तर दिलं, "वाचून वाईट वाटलं. पण तुझी सही झालेली नाही, नियमात बसत नाही. माफ कर."

त्याचं लगेच उत्तर आलं. "नियम चांगला आहे. अभिनंदन."

त्यानंतर तो कधी बोलला नाही.

या वर्षी तिचा थिसिस अकरा आठवडे सरांच्या टेबलावर पडून होता. आधी वरच होता, मग त्यावर मासिकं आली, मग मासिकांवर कुंडी आली. दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेनं तिला जागा देऊ केली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत थिसिस दाखल झाल्याचं पत्र आलं तर जागा तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्याची.

अशा वेळी तिनं सोमवारच्या वार्तापत्रात पहिलीच बातमी लिहिली: "पहिल्या वर्षाच्या मंडळींनो, गाइड निवडीचे अर्ज शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. बारा म्हणजे बारा. खिडकीवरचे कारकून घड्याळाशी प्रामाणिक आहेत."

मंगळवारी दुपारी जिन्याखालच्या दारावर टकटक झाली. पहिल्या वर्षाची एक मुलगी, बारकीशी, पेन्सिलचं टोक चावत उभी. विभागात तिला अजून टोपणनावही मिळालं नव्हतं. सगळे नुसतं 'नवी' म्हणायचे.

"येऊ का, ताई?"

"ये. डोकं सांभाळ."

"मी गाइडची सगळी पानं वाचली," नवी स्टुलावर बसत म्हणाली. "तीनदा. आणि तक्ता केला."

"कसला?"

"कुणाबद्दल किती तक्रारी. वर्षवार." तिनं कागद उलगडला. सुरेख रेघा, रंगीत चौकोन. "हे बघा. ह्यांच्या सात, ह्यांच्या चार. ह्या मॅडमच्या दोन, पण दोन्ही रागावण्याबद्दल, ते चालेल मला. आणि तुमचे सर..." तिचा चेहरा उजळला. "शून्य! अख्ख्या विभागात एकटेच."

संपादकबाईच्या हातातला कप तसाच राहिला. त्या हिरव्या चौकोनाकडे ती बघत राहिली. स्वतःच बनवलेलं उपकरण कुणीतरी मनापासून वापरावं आणि नेमकं उलटं वाचावं, तसं झालं.

"मतं किती आहेत त्या पानावर?" तिनं हळूच विचारलं.

"मतं नाहीतच ना! कोरं आहे. म्हणजे कुणाला तक्रारच करावीशी वाटली नाही."

आत्ता बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. लिहायला माणसं उरली नाहीत म्हणून पान कोरं आहे, एवढंच. पहिल्या वर्षाच्या मुलीला ते पटकन कळलं असतं. तिनं चहाचा घोट घेतला. चहा थंडगार होता.

"विचार करून ठरव," ती म्हणाली.

"केलाय की! तक्ता काय उगाच काढलाय?" नवी हसली. "आणि तुम्ही आहात ना तिथे. तुम्ही सात वर्षं राहिलात म्हणजे काहीतरी असणारच."

"सात वर्षं राहिले," संपादकबाई म्हणाली, "हे खरंय."

बुधवारी सरांनी बोलावलं. नेहमीसारखे उठून उभे राहिले, खुर्ची दिली.

"बस. दमलेली दिसतेस. मशीन कसं आहे?"

"बरं आहे, सर. वरचा सांधा परत कुरकुरतोय. सर, थिसिसचं..."

"हो, हो. वाचलाय मी." कुंडीखालून, मासिकांखालून त्यांनी तो ओढून काढला, वरची माती फुंकली. "सुंदर झालाय. मला अभिमान वाटतो."

ती खुर्चीच्या काठावर सरकली. "मग सही, सर?"

"सहीचं काय गं, दोन सेकंदांचं काम. पण माझा विचार कर. तू गेलीस की मशीनजवळ कोण बसणार? मी? माझे गुडघे बघ." ते हसले. "ती नवी मुलगी आहे ना, तक्ते करते ती? मला भेटून गेली. तल्लख आहे. माझ्याकडे यायचं म्हणते."

"हो, सर."

"तुझं फार ऐकते असं दिसलं."

"असं काही नाही."

"नाही कसं? संपादकबाई तू!" सरांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं. "शुक्रवारी बारापर्यंत तिचा अर्ज आला की मी निर्धास्त. मग तुला कोण अडवतंय? बारा वाजता ये, सही घेऊन जा. एक तारखेच्या आत मशीन तिच्या हाती दे, की तू मोकळी."

"आणि सर, ती दुसरीकडे गेली तर?"

"तर काय, बघू. एखादी मोजणी अजून करून घेऊ, तोवर पुढच्या वर्षीची पोरं येतील." आणि ती दारापर्यंत पोचल्यावर, अगदी मायेनं, "तिला खोटं काही सांगू नकोस हं. जे खरं आहे तेच सांग."

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिला उंच्या आठवला. तिच्या आधी मशीन सांभाळणारा, दारातून वाकून जाणारा. ती पहिल्या वर्षाला असताना त्यानंच तिला लॅब दाखवली होती, पंपावर हात ठेवायला लावला होता. "बघ, मांजरासारखा घुरघुरतो की नाही? इथेच ये. मशीन मस्त आहे." तिनं सोमवारी अर्ज दिला आणि त्याच आठवड्यात उंच्या सुटला होता. किती पेढे वाटले होते त्यानं! ती चार लोकांना सांगत सुटली होती, बघा, माझा पायगुण.

सात वर्षं तिनं या दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

गुरुवारी आईचा फोन आला.

"किती पानं राहिली गं?"

"पानं झाली, आई. सही राहिलीय."

"सही? मग तिला किती वेळ लागतो?"

"दोन सेकंद."

"आणि अकरा आठवडे काय करतायत ते? पेन शोधतायत? तुझी वहिनी विचारते, घरच्यांनी भेटून काही सांगायला हवंय का? तुझा दादा येतो म्हणतोय."

"दादानं येऊन काय करायचंय? ही काय सोयरीक आहे?"

"नाही कशी? सात वर्षांत लग्न होऊन पोरं शाळेत जातात." मग आवाज खाली आला. "हे बघ, कुणाचं काय नि कसं ते बघत बसू नकोस. तू सुट. वडील रोज संध्याकाळी विचारतात. मी रोज सांगते, या आठवड्यात."

"या आठवड्यातच, आई."

"खरं?"

"खरं."

फोन ठेवल्यावर तिनं शिदोरी उघडली. सरांचं कोरं पान समोर. लिहायचा अधिकार नव्हता तिला, नियमाप्रमाणे उद्या बारापर्यंत नव्हता. नियमाचा असा आधार तिला याआधी कधी वाटला नव्हता.

शुक्रवारी सकाळी अकराला नवी थेट लॅबमध्ये आली. हातात भरलेला अर्ज, गाइडच्या नावाची जागा तेवढी मोकळी.

"शेवटची शंका," ती म्हणाली. पंपाच्या आवाजावर आवाज काढावा लागत होता. "माझ्याआधी इथे कोण कोण होतं? कार्यालयातल्या यादीत फक्त थिसिस झालेले दिसतात."

संपादकबाई सांध्याचा बोल्ट आवळत होती. ती आवळत राहिली.

"होते काही जण. गेले."

"का गेले?"

"कारणं असतात गं. घरची वगैरे."

"सगळ्यांचीच घरची?"

"एकाला लहान मुलगी होती." हे खरं होतं. म्हणूनच ते उच्चारताना तिला स्वतःचीच किळस आली.

नवीनं मान हलवली. तिच्या डोक्यातल्या तक्त्यात एक चौकोन भरला गेला असावा. "एकच सांगा मग, ताई. मला ना, माणसांचं काही कळत नाही, आकडे कळतात. तुम्ही मोठ्या आहात. माझ्या जागी तुमची सख्खी बहीण असती, तर?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. पान्याची पकड घामानं निसटत होती. संपादकबाईला वाटलं, ही जरा रडवेली असती, जरा भोळसट असती, तर सांगणं सोपं गेलं असतं. ती उभी होती सरळ, पेन्सिल चावत, उत्तराची वाट बघत, आणि जे उत्तर येईल ते तिनं लिहून घेतलं असतं.

"इकडे ये," संपादकबाई म्हणाली. "हात ठेव इथे, पंपावर."

नवीनं ठेवला.

"कळलं काही?"

"थरथरतोय. छान वाटतंय!"

"मशीन मस्त आहे," संपादकबाई म्हणाली.

नवीनं तिथेच, मशीनच्या झाकणावर कागद ठेवून मोकळी जागा भरली. अक्षर सुरेख होतं. मग ती धावत गेली. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज पाच मजले खाली उतरेपर्यंत येत राहिला.

बारा वाजून दहा मिनिटांनी सरांनी सही केली. खरंच दोन सेकंद लागले. "बघ," ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, "एवढंसं काम. उगाच घाबरतेस." तिनं वाकून नमस्कार केला. सवयीनं.

शनिवारी ती जिन्याखाली बसली. आता अधिकार होता. सरांचं पान उघडलं आणि लिहीत सुटली; दीड तासात दोन पानं भरली. अजून एक मोजणी, अजून एक मोजणी, कुंडी, पंपवाल्याच्या तारखा, शुक्रवार बारा. सगळं. मग शांतपणे वाचलं. मग तिच्या लक्षात आलं की नवी जागा दोन वर्षांची आहे. दोन वर्षांनी पुढची जागा शोधावी लागेल, आणि तेव्हा प्रत्येक अर्जावर पहिलाच प्रश्न असेल: तुमचे गाइड कोण, त्यांचं शिफारसपत्र जोडा.

मग ती कापायला बसली. शुक्रवारचा मजकूर पहिल्यांदा गेला. तिची स्वतःची गोष्ट, पाठोपाठ. पंपवाल्याच्या तारखा तिनं दोनदा कापल्या, दोनदा परत आणल्या आणि तिसऱ्यांदा कापल्या. शेवटी तीन वाक्यं उरली: "माझ्या सात वर्षांत या लॅबमध्ये चार जण आले आणि चौघंही पूर्ण न करता गेले. माझा पूर्ण झालेला थिसिस अकरा आठवडे सहीविना होता. मशीन उत्तम आहे." खाली स्वतःचं नाव. तिनं पाठवायचं बटण दाबलं, आणि तिला थोडा अभिमान वाटला. इतक्या वर्षांत या पानावर कुणी एक अक्षर लिहिलं नव्हतं, तिनं लिहिलं.

सोमवारी सकाळी वार्तापत्र गेलं. सुटका: संपादकबाई, सात वर्षं चार महिने. दहा वाजेपर्यंत अभिनंदनाचे तीस निरोप आले. कॅन्टीनवाल्यानं चहा साखर घालून पाठवला, आजचा दिवस गोड म्हणून.

साडेदहाला नवी लॅबमध्ये आली. मशीन शिकायचा पहिला दिवस. वही, पेन्सिल, सगळं बरोबर. तिनं वही टेबलावर ठेवली, उघडली नाही.

"शनिवारी लिहिलंत," ती म्हणाली.

"हो."

"चार जण आले, चौघं गेले. हे शुक्रवारी माहीत नव्हतं तुम्हाला?"

संपादकबाईनं पंप बंद केला. खोली एकदम फार मोठी वाटायला लागली. "नियम आहे गं. सही झाल्यावरच लिहायचं."

"मी लिहायला कुठे सांगितलं होतं? मी विचारलं होतं. तोंडानं. इथेच उभं राहून."

"तुला सांगितलं असतं तर..."

"तर तुमची सही झाली नसती." नवीनं वाक्य पुरं केलं, तक्त्यातला शेवटचा आकडा भरावा तसं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. "मी शनिवारी रात्रभर बसून काढलं ते. अर्ज साडेअकराला, तुमचा सही झालेला थिसिस दाखल साडेबाराला. आज सकाळी कार्यालयातल्या कारकुनांनी वेळ सांगितली. दोन्ही वेळा लिहितात ते, प्रामाणिक आहेत. अर्ज आता बदलता येत नाही. तेही विचारलं मी."

"हे बघ," संपादकबाई घाईघाईनं बोलायला लागली, "चूक झाली. माझी. मी आजच तो नियम काढून टाकते. कुणीही लिहावं, कधीही लिहावं. पंपवाल्याची तीन पानं आहेत माझ्याकडे, ती घालते. आणि वार्तापत्र तू घे. तुझ्याइतकं नीट कुणी करणार नाही. नवे नियम तू कर, सगळं तू..."

"नियम काढा," नवी म्हणाली. "पण आता या पानावर लिहिणार कोण?"

"तू लिही. पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी. जे दिसेल ते."

नवीनं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर वयापेक्षा जुनं काहीतरी आलं.

"मी?" ती म्हणाली. "ताई, मी त्यांची विद्यार्थिनी आहे आता. मला सही हवीय."

तिनं खुंटीवरचे हातमोजे घेतले, बोटं एकेक करून नीट घातली, आणि वही उघडून पहिल्या पानावर तारीख टाकली.

"हं," ती म्हणाली. "आधी कुठला व्हॉल्व्ह?"